दगडफुलाचा वास शिकलेलं पाखरू

देवास

देवासहून मांडू फार लांब नाही. सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचता येतं. तरी मी यापूर्वी गेले होते ते आमचे हे हयात असताना, आणि तेव्हा सगळा वेळ पोरांच्या चपला सांभाळण्यात गेला. त्यामुळे महालांचं वर्णन ज्यांना हवं त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. यंदा ज्येष्ठात मी पाखरं बघायला गेले होते. त्याबद्दल लिहिते.

पाखरं म्हणजे दिव्यावर येऊन आपटतात ती. मुग्धा, माझ्या लेकीची मुलगी, इंदूरच्या कॉलेजात त्यांचाच अभ्यास करते. ती पतंग म्हणते. मला पतंग म्हटलं की संक्रांत दिसते, म्हणून मी पाखरूच म्हणते. वैशाखात ती आमच्याकडे जेवायला आली होती. जेवता जेवता म्हणाली, "आजी, माझे पतंग वास शिकतात. तीन-चार वेळा एखादा वास दिला आणि लगेच साखरपाणी पाजलं, की त्यांना पक्कं समजतं की हा वास म्हणजे खाणं. मग नुसत्या वासावर सोंड बाहेर काढतात."

मी हातातला घास खाली ठेवला.

दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. गोड, आंबट, खारट, कडू आणि तिखट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं गेलं. आंबा खाल्ला तर गोड काहीतरी ओलं खाल्ल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही.

दुसऱ्या कुणाचं एवढं अडलं नसतं. माझं अडलं, कारण मी काळा मसाला करते. माझ्या सासूबाई करायच्या, त्यांच्यामागे मी. देवासच्या दोन्ही जुन्या संस्थानांची, म्हणजे थोरल्या पातीची आणि धाकट्या पातीची, मराठी घरं, शिवाय इंदूरची काही, पावसाच्या आधी आपापले डबे आमच्याकडे पाठवतात आणि वर्षाचा मसाला भरून नेतात. मसाल्यात धणे, खोबरं, तीळ, नागकेशर, दगडफूल असं बरंच काही असतं आणि प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा असतो. दगडफूल कच्चं असताना त्याला ओल्या भिंतीसारखा कुबट वास असतो. भाजत गेलं की तो जातो आणि दुसराच वास येतो. तो आला त्या क्षणी कढई उतरवायची. रंग बघून हे होत नाही, कारण दगडफूल आधीही काळपट आणि नंतरही काळपट.

मागच्या वर्षी मी रंग बघूनच केलं. वाड्यावरच्या वहिनीसाहेबांनी अर्धा डबा परत पाठवला आणि निरोप दिला की यंदा जरा कडवट झालाय, तब्येत बरी नव्हती का. त्या भल्या बाई आहेत. वाईट शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा पुन्हा डबे येऊन बसले होते. ओसरीत ओळीनं ठेवलेले, येता-जाता पायाशी. माझी सून वर्षा म्हणत होती, "आई, मैं भूनती हूँ ना. तुम्ही फक्त बसा." मी नाही म्हणत होते. वर्षा उज्जैनच्या मराठी घरातली, पण शाळा सगळी हिंदीत झालेली. तिच्याकडे वासाला दोनच शब्द, खुशबू आणि बदबू. खमंग नाही, खरपूस नाही, करपट नाही. दोन शब्दांवर मसाला होत नाही असं माझं मत होतं. डबे परत पाठवून हे काम बंद करावं असंही मनात येत होतं. पाऊस सुरू झाला की मिरची वाळत नाही, म्हणजे ठरवायला फार दिवस नव्हते.

म्हणून मुग्धाला म्हटलं, "तू पाखरांना शिकवतेस ना, मग मला शिकव."

ती हसली. मी हसत नाही हे बघून थांबली. "आजी, मला नाही माहीत असं होतं का."

"पाखरांना होतं ना?"

"पतंगांना होतं."

"मग मी येते. तुला स्वयंपाक तरी होईल."

तिरला

गाडी पवन भियाची. मुग्धाच्या कामाला नेहमी तोच असतो. गाडीत बसल्या बसल्या मुग्धानं नाकाला रुमाल लावला.

"भिया, ये क्या लगाया है?"

"मोगरा है, दीदी. माँ साब आ री थीं तो नया लगाया." आरशाला एक प्लास्टिकचं फूल लटकवलेलं होतं आणि पुढे गणपतीपाशी उदबत्तीही पेटलेली होती.

"निकालो. दोनों निकालो. माझे पतंग येणार आहेत या गाडीत. सगळं शिकलेलं विसरतील."

"भगवान की अगरबत्ती भी?"

"भगवान की भी."

पवन भियानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मेरे को मत देखो. मेरे लिए दोनों बराबर है." तो बिचारा मला देवधर्म न मानणारी बाई समजला. धारपर्यंत माझ्याशी बोलला नाही. धारला पोहे-जिलबी खायला थांबलो तेव्हा मुग्धानं त्याला खरं काय ते सांगितलं. मग त्यानं आपल्या पोह्यांवर घेतलेली शेव माझ्या द्रोणात ओतली आणि म्हणाला, "खाओ, माँ साब, खाओ." जणू शेवेनं नाक उघडणार होतं. पोह्यांत बडीशेप दिसत होती. मी एकेक दाणा दातांखाली चावून बघितला. लाकूड चावल्यासारखा लागला.

तिरला धारच्या पुढे लगेच आहे. शेतं नांगरून काळी पडलेली, पेरणीच्या आधीची. मुग्धानं एका शेतकऱ्याच्या घरी मागची खोली भाड्यानं घेतली आहे. खोलीत पलंग एक आणि जाळीचे पिंजरे भिंतभर. पिंजऱ्यांत रताळ्याचे वेल आणि वेलांवर माझ्या बोटाएवढ्या जाड अळ्या. शेपटाला काटा असलेल्या. आमच्याकडे अशी अळी दिसली तर चपलेनं मारतात. इथे नात तिला सकाळ-संध्याकाळ कोवळी पानं वाढते. मी तिला म्हटलं, "तुझ्या आईला कधी पाण्याचा पेला दिला नाहीस."

"आई काटा दाखवत नाही ना."

यांची पाखरं होतात ती चांगली चिमणीएवढी. अंग राखाडी, पोटावर गुलाबी आणि काळे पट्टे. लुगड्याचा काठ असतो तसे. मला एवढं सुंदर काही असेल असं वाटलं नव्हतं. तोंडाखाली सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि उलगडली की अंगाहून लांब. नाक नाहीच. वास मिशांनी घेतात. मिशा पिसासारख्या, सतत थरथरणाऱ्या.

शाळा अशी भरते. चणेवाला करतो तशा कागदाच्या पुडीत पाखरू बसवायचं, डोकं तेवढं बाहेर. इंजेक्शनच्या नळीत कापसाचा बोळा, बोळ्यावर वासाचा थेंब. नळी दाबून हवेची फुंकर त्याच्या मिशांवर सोडायची. लगेच सुईनं सोंड उलगडून साखरपाण्याला लावायची. थोडा वेळ जाऊ द्यायचा. पुन्हा तेच. मुग्धाच्या कामाचा वास कुठल्याशा फुलाचा आहे, बाटलीत आलेला. तो मी बाजूला ठेवायला सांगितला.

"माझं दगडफूल लाव," मी म्हटलं.

मी पुडी बांधून नेलीच होती. खोलीतल्या शेगडीवर थेंबभर तेलात दगडफूल भाजलं. उतरवायचं कधी ते मुग्धाला विचारलं. तिला काय माहीत. "आता चांगला वास येतोय वाटतं," एवढंच ती म्हणाली. कापसात गुंडाळून नळीत भरलं.

"हे माझ्या कामात धरता येणार नाही हं, आजी. हे फक्त तुझ्यासाठी."

"धरू नकोस."

पहिल्या फुंकरीला पाखरानं काही केलं नाही. साखरपाणी पाजलं. दुसऱ्यांदाही नाही. नंतर एकदा मिशा जरा पुढे आणल्यासारख्या केल्या. मग मुग्धानं पुन्हा नुसती फुंकर सोडली, साखर नाही, सुई नाही, आणि त्या पाखराची सोंड आपोआप उलगडत बाहेर आली. हवेत इकडे तिकडे शोधत राहिली. कुठे आहे, कुठे आहे, असं.

"तुझा हात ओळखत असेल," मी म्हटलं. मला ते खरं वाटायला नको होतं.

मुग्धानं रिकाम्या कापसाची नळी घेतली आणि तसाच हात नेऊन फुंकर सोडली. सोंड गुंडाळलेलीच. पुन्हा दगडफूल दिलं. सोंड बाहेर.

जन्मात कधी मसाला न खाल्लेल्या किड्याला माझं दगडफूल कळलं, एका सकाळीत. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. बाहेर शेतकऱ्याची म्हैस होती. तिच्याकडे बघत राहिले.

दुपारी माझी पाळी. मी डोळे मिटून पलंगावर बसले आणि मुग्धानं तीच नळी माझ्या नाकाशी धरली. साखरपाण्याच्या जागी गुळाचा खडा.

"आता आलं?" मी विचारलं.

"अजून दिलंच नाही, आजी."

मग बराच वेळ काही नाही.

"दे की."

"देऊन झालं."

हे असंच चाललं. गूळ मात्र भरपूर झाला. पवन भिया दारातून बघत होता. तो म्हणाला, "दीदी, माँ साब को पहले गुड़ दो, बाद में सुंघाओ. पैसा पहले, माल बाद में, तभी तो शहर वाले मानते हैं." मला हसू आलं, पण नाक आलं नाही.

इथे एक सांगते. माणूस गेला की त्याचा फोटो असतो. आवाजही आजकाल फोनमध्ये राहतो. जुनं गाणं आठवलं तर मनातल्या मनात वाजतं सुद्धा. वासाचं तसं नाही. वास मनात आणता येत नाही. तो यावा लागतो. आमचे हे कारखान्यातून यायचे तेव्हा शर्टाला मशिनच्या तेलाचा आणि चुन्याचा वास असायचा. ते गेल्यावर मी तो शर्ट धुऊन देऊन टाकला. कारण तेलाचा वास काय, बाजारात सायकलच्या दुकानापाशी उभं राहिलं की मिळायचाच. मी उभी राहायची. काहीतरी विचारायच्या निमित्तानं, पंक्चर कितीला काढतोस वगैरे. माझ्याकडे सायकल नाही. आता ते दुकान आहे, दुकानदार आहे, तेल आहे. मला नुसतं लोखंड दिसतं.

मांडू

मांडूचा रस्ता दरीच्या काठाकाठानं जातो. ज्येष्ठात डोंगर भाजलेले असतात, हिरवं काही दिसत नाही, आणि त्यात मधेच हे झाड उभं. आपल्याकडे पुस्तकात गोरखचिंच म्हणतात, इथे मांडूची इमली. बुंधा एवढा की आमची न्हाणी आत मावेल, आणि वर फांद्या आखूड, मुळं आकाशात गेल्यासारख्या. मी याआधी आले तेव्हाही ही झाडं असणारच. मला एकही आठवत नव्हतं.

मुग्धा ज्याच्या फुलांवर पाखरं सोडून बघते ते झाड रेशमबाईच्या झोपडीमागे आहे. रेशमबाई भिल्ल, माझ्याहून थोडी लहान, दात माझ्याहून जास्त. इमलीची फळं रस्त्यावर मांडून सहलीच्या लोकांना विकते. फळ दुधी भोपळ्यासारखं, वर मखमल, फोडलं की आत पांढरा भुसभुशीत गर. तिनं एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. एवढं आंबट की डोळे मिटले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला काही खाऊन पूर्ण खाल्ल्यासारखं वाटलं. या फळात आंबटपणाखेरीज काही नसावंच, किंवा असलं तरी मला त्याची उणीव कळली नाही. मी आणखी मागितलं.

"मेमसाब लोग एक चाटकर फेंक देते हैं," रेशमबाई म्हणाली. "तू तो खा गई पूरा. पेट से है क्या?"

मी म्हटलं, "हो, सातवा लागला." ती इतकी हसली की तिला झाडाला टेकावं लागलं.

जेवायला दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे गोळे थापून दोन्ही बाजूंनी रुईची पानं लावायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. मी रुई बघून हात आखडता घेतला. आमच्याकडे रुईची माळ शनिवारी मारुतीला घालतात. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल म्हणून पोरांना दम देतात. इथे तिच्यातच भाकर भाजतात. रेशमबाईला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हारा हनुमान कच्ची खाता है, हम सेंककर खाते हैं." पानियाला पानाच्या शिरा उमटलेल्या होत्या. चव मला मिठाची आणि डाळीतल्या मिरचीची लागली. मुग्धा आणि पवन भिया डोळे मिटून खात होते. त्यावरून कळलं की छान होतं.

संध्याकाळी झाडाखाली मच्छरदाणीचा मोठा तंबू लावला. मुग्धानं फांदीवरच्या फुगलेल्या कळ्या उतरवून आत टांगल्या. ही फुलं उलटी लोंबतात, लांब देठाला, आणि सूर्य गेला की डोळ्यादेखत उमलतात. मी ऐकीव गोष्ट समजत होते. स्टूल घेऊन एका कळीसमोर बसले. आधी टोकाला चीर पडली. मग पाकळ्या एकेक करून मागे वळल्या, पदर खोचून घ्यावा तशा, आणि आतून पांढऱ्या तंतूंचा गोंडा बाहेर पडला. मी मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई!" एवढा वेळ कधी फुलाकडे बघितलं नव्हतं.

"वास कसा आहे?" मी विचारलं.

मुग्धानं नाक जवळ नेलं. "गोड आहे, आणि थोडा सडका. कोबीसारखा."

रेशमबाई म्हणाली, "बासी गोदड़ी जैसा."

मग मुग्धानं पाखरं आत सोडली. थोडी तशीच, आणि एक निराळं. त्या एकाच्या मिशांना तिनं मेण लावलेलं होतं, वास घेता येऊ नये म्हणून. मला हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. आत सोडताना सांगितलं, तेही खाली बघत.

बाकीची पाखरं तंबूत गरगर फिरली आणि फुलांशी आली. पंख दिसत नाहीत इतके जोरात हलतात, अंग मात्र हवेत स्थिर. सोंड लांब करून गोंड्यात खुपसली, प्यायली, पुढच्या फुलाला गेली. मेण लावलेलं पाखरूही आलं. मला वाटलं होतं ते कोपऱ्यात बसून राहील. पण फूल पांढरं, त्याला दिसत होतं. बरोबर फुलासमोर येऊन ते थांबलं. एवढं जवळ की पंखांच्या वाऱ्यानं तंतू हलत होते. आणि सोंड काढली नाही. फुलासमोर नुसतंच तरंगत राहिलं. बाजूला गेलं, परत आलं, परत तरंगत राहिलं. आम्ही तिघी बघत होतो. फूल मधानं भरलेलं, ते उपाशी, आणि मधे बोटभर जागा.

"ये क्यों नहीं पी रहा?" रेशमबाईनं विचारलं.

"इसको पता नहीं कि ये खाना है," मुग्धा म्हणाली. "दिखता है, पर भरोसा नहीं होता."

सगळ्यांबरोबर ताटावर बसून मी दोन वर्षं काय करते आहे ते मला बाहेरून दिसलं. पाहुणी म्हणून गेले तरी वाहवा करते, कारण करायची असते. आणि समोर ताट असूनही जीव त्याच ताटासाठी कासावीस होतो. लाडू दिसतो. लाडूची ओढ लागते. लाडू खाल्ला तरी ती ओढ जात नाही.

सकाळी उठले तर झाडाखाली कालची फुलं पडलेली, तपकिरी, ओली. मुग्धा पायरीवर बसून मेण लावलेल्या पाखराला हातात घेऊन होती. सुईनं त्याची सोंड उलगडून ती बाटलीच्या बुचातल्या साखरपाण्यात बुडवत होती.

"पितं का?" मी विचारलं.

"पितो की. स्वतः काढत नाही, पण मी बुडवून दिली की पितो. बघ."

सोंडेतून पाणी चढताना पोटावरचे गुलाबी पट्टे हलत होते. बराच वेळ प्यायलं. मग सोंड गुंडाळून घेतली.

"मेण निघतं?"

"नाही. काढायला गेलं तर मिशी तुटते."

"माझं मेण?"

तिनं बूच खाली ठेवलं. लहानपणी खोटं बोलली की हिचे कान लाल व्हायचे. या वेळी झाले नाहीत. "आजी, तुझं मला माहीत नाही. काहींचं नाक परत येतं. काहींचं येतं पण वेडंवाकडं येतं, चहाला सडका वास वगैरे. दोन वर्षं झाली म्हणजे... रोज हुंगत राहा. पण येईलच असं मी सांगणार नाही."

"डॉक्टर सांगत होता येईल म्हणून."

"डॉक्टरला तुला घरी पाठवायचं होतं."

ही माझ्यावर गेली आहे. मला त्याचं बरं वाटलं, आणि दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटलं, आणि दोन्ही एकदमच. मी तिच्या हातातलं पाखरू जरा वेळ माझ्या तळहातावर घेतलं. पाय बारीक खरखरीत. ते माझ्या हाताच्या घामाला चिकटून राहिलं. मग म्हटलं, "आज मला घरी सोड. पश्चिमेला ढग धरलेत आणि डबे पडलेत."

रेशमबाईनं निघताना इमलीची फळं पदरात घातली. "फिर आना. पेट उतर जाए तब."

परत

घरी आल्यावर वर्षानं पाणी दिलं आणि विचारलं, "आई, नाक आली?"

"आलं, म्हण. नाक आलं. आणि नाही आलं."

तिनं रिकामा पेला घेतला. मग म्हणाली, "डबे वापस भेजू का?"

"उद्या सकाळी कढई काढ," मी म्हटलं. "तू भाज. मी शेगडीपाशी येणार नाही."

"आणि करप गया तो?"

"मीही करपवलाय. लोक जिवंत आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मागच्या दारी शेगडी पेटवली. मी उंबरठ्याच्या आत, तिच्याकडे पाठ करून पाटावर बसले आणि मिरच्यांची देठं काढायला घेतली. तिनं तीळ भाजले. खोबरं भाजलं. प्रत्येक वेळी झारा घेऊन यायची आणि म्हणायची, "आई, देखो ना." मी म्हणायची, "मला काय दाखवतेस. नाक तुझं आहे." तीन-चार वेळा अशी आली, मग यायची थांबली. दगडफूल तिनं थोडंसंच घेऊन आधी भाजून बघितलं, टाकून दिलं, पुन्हा घेतलं. मला हे पाठमोरीला आवाजावरून कळत होतं. ते टाकून दिलेलं बघायला उठू नये म्हणून मी मिरच्यांचा ढीग मांडीवर ओढला.

शेवटी धणे. धण्यांचं काम सगळ्यात अवघड, कारण ते आतून गरम होतात आणि उतरवल्यावरही भाजत राहतात. मोठी कढई, पुष्कळ धणे. झाऱ्याचा आवाज एकसारखा येत होता. मग तो मंदावला.

"वर्षा, वास कसा येतोय?"

"अच्छा आता है."

"अच्छा म्हणजे कसा? नीट सांग."

झारा थांबला. मला वाटलं ही आता खुशबू म्हणेल. तिनं नाकानं लांब श्वास ओढल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या पदराला यायचा ना. मैं नई-नई आई थी तब. मला पोळ्या जमायच्या नाहीत आणि तुम्ही मागे येऊन उभ्या राहायच्या, वरून हात घालून लाटणं धरायच्या. तब जो आता था. बिलकुल वही है. ये मैं पहचानती हूँ."

माझ्या पदराला वास होता हे मला कधीच माहीत नव्हतं. स्वतःचा पदर कोण हुंगतं. आणि तो इतकी वर्षं दुसऱ्या कुणाच्या नाकात जाऊन बसला होता, मी शिकवायच्या आधीच.

"मग उतरव की आधी," मी म्हटलं. "बोलत काय बसलीस. धणे आहेत ते, थांबायचे नाहीत."